रेटिक काउंट वर येईपर्यंतचे दिवस

एकवीस महिन्यांचे एक मूल तपासणीच्या टेबलावर बसून माझ्या स्टेथोस्कोपची नळी ओढत होते. त्याचे ओठ पांढुरके होते, तळहातावरील रेषा जवळजवळ पुसल्या गेल्या होत्या आणि खालची पापणी ओढून पाहिली तर आतला भाग कागदासारखा दिसत होता. मूल मात्र मजेत होते. त्याचे आईवडील त्याला रोज पाहत असल्यामुळे त्यांना काही वेगळे जाणवले नव्हते, दोन महिन्यांनंतर भेटायला आलेल्या मावशीने दारातच विचारले होते, "हा इतका पांढराफटक का दिसतोय?" त्या एका प्रश्नामुळे ते माझ्याकडे आले होते. सायंकाळी अहवाल आला तेव्हा हिमोग्लोबिन ५.१ होते. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत, परंतु आजाराचा क्रम बदललेला नाही.)

या वयाच्या मुलाचे हिमोग्लोबिन साधारण ११ ते १२ च्या आसपास असावे लागते. ते निम्म्याहून खाली गेल्याचे ऐकल्यावर आईवडिलांच्या मनात प्रथम कोणता आजार येतो, हे मला त्यांनी सांगण्याची गरज नसते. त्या मुलाला ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, नव्हता, त्याच्या शरीरात लोहही कमी नव्हते. त्याला जो आजार होता त्याचे नाव ट्रान्झियंट एरिथ्रोब्लास्टोपेनिया ऑफ चाइल्डहूड असे लांबलचक आहे आणि डॉक्टर त्याला टीईसी म्हणतात. सोप्या भाषेत सांगायचे तर, लहान मुलाच्या अस्थिमज्जेत, म्हणजे हाडांच्या आतील मगजात, तांबड्या पेशी तयार होण्याचे काम काही आठवडे थांबते आणि नंतर आपोआप पूर्ववत सुरू होते. १९७० मध्ये स्वीडनमधील डॉक्टर व्राने यांनी या आजाराचे स्वतंत्र वर्णन केले. प्रामुख्याने १ ते ३ वर्षे वयाच्या, तोपर्यंत अगदी निरोगी असलेल्या मुलांमध्ये तो दिसतो. अनेकदा आधी सर्दीतापासारखा विषाणूजन्य आजार होऊन गेलेला असतो, पण कोणत्याही एका विषाणूवर त्याचा ठपका ठेवता आलेला नाही. काही मुलांच्या रक्तात तांबड्या पेशींच्या पूर्वज पेशींची वाढ रोखणारी प्रतिपिंडे सापडली आहेत, त्यामुळे रोगप्रतिकारशक्तीच काही काळ चुकीच्या दिशेने काम करत असावी असे मानले जाते.

हा आजार समजून घेण्यासाठी एक साधा हिशेब मला फार उपयोगी वाटतो आणि तो मी आईवडिलांसमोर कागदावर मांडून दाखवतो. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. म्हणजे रोज साधारण १२० पैकी एक पेशी आयुष्य संपून बाद होते आणि तिची जागा घेणारी नवी पेशी अस्थिमज्जेतून रक्तात येते. प्रौढ माणसाच्या शरीरात हे काम दर सेकंदाला सुमारे २० लाख पेशी इतक्या वेगाने अखंड चालू असते. आता समजा, नव्या पेशींचा पुरवठा पूर्ण थांबला, पण जुन्या पेशी आपल्या ठरलेल्या गतीनेच संपत राहिल्या. तर रोज मूळ पातळीच्या एक टक्क्याहून किंचित कमी एवढीच घट होईल. साडेअकरावरून ५.१ पर्यंत पोहोचायला त्या मुलाला दोन महिन्यांहून थोडे अधिक दिवस लागले असणार, आणि निर्मिती पूर्ण बंद न होता नुसती मंदावलेली असेल तर त्याहूनही अधिक.

या हिशेबातून दोन गोष्टी निघतात. पहिली ही, की मागच्या आठवड्यातील ताप, परवा दिलेले औषध किंवा चार दिवस नीट न जेवणे यांचा या फिकटपणाशी संबंध असू शकत नाही. जे घडले ते दोन महिन्यांपूर्वी सुरू झाले. आईवडील स्वतःला जो दोष देत असतात तो इथे बऱ्याच अंशी गळून पडतो, आणि केवळ तेवढ्यासाठीही हा कागद मांडणे मला महत्त्वाचे वाटते. दुसरी गोष्ट अशी, की हा आजार बहुधा एक ते दोन महिन्यांत आपली मुदत संपवतो. म्हणजे मूल दवाखान्यात पोहोचते तेव्हा त्या मुदतीचा मोठा भाग उलटून गेलेला असतो. काही मुलांमध्ये तर पहिली तपासणी होते त्याच दिवशी अस्थिमज्जा पुन्हा कामाला लागलेली आढळते.

हिमोग्लोबिन इतके खाली जाऊनही मूल खेळत कसे राहते, हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरातून येतो. घट संथ असल्यामुळे शरीराला जुळवून घ्यायला वेळ मिळतो. हृदय थोडे जलद आणि अधिक जोमाने काम करू लागते, तांबड्या पेशी आपल्याजवळचा प्राणवायू अधिक सैलपणे सोडू लागतात, आणि रक्ताचे एकूण आकारमान द्रवभागाने भरून निघालेले असते. जखमेतून रक्त वाहून काही तासांत हिमोग्लोबिन ५ वर आले तर तेच मूल अत्यवस्थ झाले असते. त्यामुळे आकडा तोच असला तरी त्याचा अर्थ तो किती दिवसांत तिथे पोहोचला यावर ठरतो.

आता निदानाकडे वळतो. माझ्या मते या संपूर्ण प्रवासात सर्वांत मोलाची आणि सर्वांत दुर्लक्षित तपासणी म्हणजे रेटिक्युलोसाइटची मोजणी, जिला आम्ही रेटिक काउंट म्हणतो. रेटिक्युलोसाइट म्हणजे अस्थिमज्जेतून नुकतीच बाहेर पडलेली कोवळी तांबडी पेशी. रक्तात ती एक-दोन दिवसच कोवळ्या रूपात राहते आणि मग प्रौढ होते. त्यामुळे हिमोग्लोबिन हा गेल्या चार महिन्यांचा जमाखर्च असतो, तर रेटिक काउंट ही कालपरवाच्या आवकेची नोंद असते. रक्त कमी असलेल्या मुलात ही आवक वाढायला हवी, कारण शरीर ती तूट भरून काढण्याचा प्रयत्न करते. ती वाढण्याऐवजी १ टक्क्याच्याही खाली असेल तर पेशी कुठे नष्ट होत आहेत हे शोधण्यापेक्षा त्या तयार का होत नाहीत हे शोधले पाहिजे. त्या मुलाचा रेटिक काउंट ०.३ टक्के होता.

इथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. रेटिक काउंट टक्क्यांत दिला जातो आणि ते टक्के उरलेल्या तांबड्या पेशींचे असतात. पेशींची एकूण संख्याच घटलेली असेल तर २ टक्के हा आकडा वरवर ठीक दिसतो, पण फसवतो. रक्तातील पेशींचे प्रमाण म्हणजे हिमॅटोक्रिट ३६ ऐवजी १५ असेल, तर दुरुस्त केलेला रेटिक काउंट २ गुणिले १५ भागिले ३६, म्हणजे जेमतेम ०.८ टक्के भरतो. अहवालात रेटिकची प्रत्यक्ष संख्या दिलेली असेल तर तीच पाहणे अधिक चांगले.

तरीही प्रत्यक्षात फिकट मूल दिसले की ही तपासणी होण्याआधीच लोहाचे औषध सुरू होते. या वयात लोहाची कमतरता खरोखरच फार आढळते, त्यामुळे तो विचार मनात येणे चुकीचे नाही. परंतु लोहाच्या कमतरतेत तांबड्या पेशी लहान आणि फिक्या होतात, तर टीईसीमध्ये संख्या घटलेली असली तरी प्रत्येक पेशी आकाराने आणि रंगाने नेहमीसारखीच असते. पेशीचे सरासरी आकारमान, म्हणजे एमसीव्ही, पाहून हा फरक कळू शकतो. अडचण एवढीच की अनेक अहवालांवर शेजारी छापलेली सामान्य मर्यादा प्रौढांची असते. प्रौढात ८० च्या खालील आकडा लहान मानला जातो, पण पावणेदोन वर्षांच्या मुलात ७७ हे अगदी योग्य आकारमान आहे. अहवालावर त्या आकड्यापुढे खाली वळलेला बाण छापून येतो, वाचणारा तो बाण पाहतो आणि लोहाची कमतरता गृहीत धरली जाते. टीईसीच्या मुलात शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन तपासले तर ते कमी नसते, उलट लोह वापरलेच जात नसल्यामुळे साठा भरलेला दिसू शकतो.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत एका फिकट मुलाला मी रेटिक काउंट न पाहताच लोहाचे औषध दिले, तीन आठवड्यांनी हिमोग्लोबिन झपाट्याने वाढले आणि मी ते औषधाचे यश समजलो. पुढे जुने अहवाल पुन्हा चाळताना लक्षात आले की त्या मुलाच्या पेशींचा आकार अगदी योग्य होता आणि लोहाच्या कमतरतेचे एकही लक्षण नव्हते. आपोआप बऱ्या होणाऱ्या आजाराचा हा मोठाच धोका आहे: त्या काळात जे काही दिले जाते त्याला श्रेय मिळते आणि देणाऱ्याची समजूत अधिक पक्की होते.

ल्युकेमियाच्या भीतीला मात्र टोलवून चालत नाही, तिला पुराव्यानेच उत्तर द्यावे लागते. ल्युकेमियात सहसा एकापेक्षा अधिक प्रकारच्या पेशी बिघडलेल्या असतात, प्लेटलेट घटलेल्या असतात, अंगावर निळसर डाग किंवा बारीक लाल ठिपके उमटतात, हाडे दुखतात, गाठी, यकृत किंवा प्लीहा वाढलेली लागते. टीईसीच्या मुलात फिकटपणा आणि वाढलेले ठोके सोडले तर तपासणीत बहुधा काहीच सापडत नाही. प्लेटलेट योग्य किंवा थोड्या अधिकच असतात. एक अपवाद गोंधळात टाकतो: काही मुलांमध्ये न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशीही तात्पुरत्या घटतात. या मुलाचे न्यूट्रोफिल ११०० होते आणि त्या आकड्याने मलाही एक रात्र अस्वस्थ ठेवले. अशा वेळी यंत्राच्या आकड्यांवर न थांबता रक्ताची काचपट्टी अनुभवी पॅथॉलॉजिस्टने स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी, असा मी आग्रह धरतो.

अस्थिमज्जेची तपासणी प्रत्येक मुलात करावी लागत नाही. वय, लक्षणे, काचपट्टी आणि रेटिक काउंट हे सारे एकाच दिशेने बोट दाखवत असतील तर काही दिवस थांबता येते. दोन प्रकारच्या पेशी कमी असतील, काचपट्टीवर शंकास्पद पेशी दिसत असतील किंवा अपेक्षित काळात सुधारणा झाली नाही तर ती तपासणी टाळू नये. टीईसीत ऐन आजाराच्या काळात मज्जेत तांबड्या पेशींचे पूर्वज जवळजवळ नसतात आणि बाकीच्या पेशी व्यवस्थित असतात. मात्र बरे होण्याच्या सुरुवातीला नमुना घेतला गेला तर मज्जेत अगदी कोवळ्या पेशींची गर्दी दिसते, लसिका पेशींचे (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) निरुपद्रवी पूर्वजही वाढलेले असू शकतात आणि न जाणत्या नजरेला तोच ल्युकेमिया वाटू शकतो. म्हणूनच नमुना पाहणाऱ्याला मुलाचे वय आणि त्या दिवसाचा रेटिक काउंट कळवलाच पाहिजे.

डायमंड-ब्लॅकफॅन ॲनिमिया हा आजार टीईसीच्या सर्वांत जवळचा आहे, पण परिणामांच्या दृष्टीने फार दूरचा. डायमंड आणि ब्लॅकफॅन यांनी १९३८ मध्ये वर्णन केलेला हा जन्मजात आजार आहे. त्यातही तांबड्या पेशीच तयार होत नाहीत, पण तो आयुष्यभर सोबत करतो. बहुतेक मुलांमध्ये तो पहिल्या वर्षाच्या आतच उघड होतो, पेशी आकाराने मोठ्या असतात, आणि सुमारे निम्म्या मुलांमध्ये अंगठा, चेहरा, हृदय किंवा उंची यांत काही वेगळेपण आढळते. तांबड्या पेशींतील ॲडिनोसिन डिॲमिनेज हे विकर (एन्झाइम) या आजारात बहुधा वाढलेले असते, तर टीईसीत ते योग्य प्रमाणात असते. सहा-सात महिन्यांचे मूल असेल तर दोहोंतील फरक पहिल्या भेटीत सांगणे खरोखर अवघड जाते. शिवाय टीईसी बरा होत असताना नव्या पेशी मोठ्या असतात आणि गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनही काही काळ वाढते, त्यामुळे नेमक्या त्या दिवसांत घेतलेला नमुना दिशाभूल करतो.

पार्व्होव्हायरस बी१९ चा उल्लेख न करता पुढे जाता येणार नाही. हा विषाणूही तांबड्या पेशींची निर्मिती आठ-दहा दिवस बंद पाडतो. निरोगी मुलाच्या पेशी १२० दिवस टिकत असल्यामुळे एवढ्या दिवसांचा खंड त्याला जाणवतही नाही. सिकलसेल किंवा स्फेरोसायटोसिस हे तांबड्या पेशींचे आनुवंशिक आजार असलेल्या मुलाच्या पेशींचे आयुष्य मुळातच थोड्या दिवसांचे असते, आणि तिथे तेवढाच खंड हिमोग्लोबिन झपाट्याने खाली आणतो. त्यामुळे फिकट मुलाच्या घरी कुणाला कावीळ, पित्ताचे खडे किंवा प्लीहा काढून टाकण्याची शस्त्रक्रिया झाली आहे का, हे मी विचारतोच.

निदान जवळजवळ नक्की झाल्यावर वडिलांनी विचारले, "म्हणजे डॉक्टर, औषध काहीच नाही?" मी म्हणालो, "औषध नाही. पण तीन दिवसांनी पुन्हा यायचे आहे, आणि मधे कधीही काळजी वाटली तर त्याच क्षणी." या आजारात उपचार म्हणजे वाट पाहणे, पण ते डोळे उघडे ठेवून पाहणे आहे. लोह, जीवनसत्त्वे, ताकदीची टॉनिके यांनी मज्जा एक दिवसही लवकर जागी होत नाही. स्टिरॉइडचा या आजारात उपयोग नाही, आणि ल्युकेमिया नाही याची खात्री होण्याआधी ते दिले तर ल्युकेमियाचे निदान झाकले जाऊ शकते. "काहीतरी द्या" या आग्रहामागची काकुळती मला समजते, तरीही या एका औषधाच्या बाबतीत मी अजिबात नमते घेत नाही.

रक्त चढवायचे की नाही, हा निर्णय केवळ आकड्यावर घेऊ नये. मूल दमते आहे का, दूध पिताना घामाघूम होते का, श्वास वाढला आहे का, झोपेत असतानाही ठोके फार जलद आहेत का, ते सुस्त पडून राहते का, हे आधी पाहावे. हिमोग्लोबिन ५ च्या खाली असेल आणि रेटिक अजून हललेलेच नसेल तर रक्त देण्याचा विचार गंभीरपणे करावा लागतो. रेटिक वर चढू लागले असेल तर त्याच आकड्यावरही एक-दोन दिवस थांबता येते. द्यावेच लागले तर ते हळूहळू, थोड्या थोड्या प्रमाणात देतात, कारण संथपणे जुळवून घेतलेल्या हृदयावर एकदम भार पडला तर फुप्फुसांत पाणी साचू शकते. सहसा एकदा दिलेले रक्त पुरते. रक्त देण्यापूर्वी विकराच्या, हिमोग्लोबिनच्या प्रकारांच्या आणि गरज भासल्यास जनुकीय तपासणीसाठी नमुना काढून ठेवावा, ही गोष्ट घाईत हमखास राहून जाते. नंतर काढलेल्या नमुन्यात रक्तदात्याच्या पेशी मिसळलेल्या असतात आणि अहवालाचा अर्थच लागत नाही. रक्त दिल्यानंतर गोवरासारख्या जिवंत विषाणूच्या लसी काही महिने पुढे ढकलाव्या लागतात, म्हणून ती नोंद लसीकरणाच्या पुस्तिकेतही असावी.

घरी आईवडिलांनी काय पाहावे हे मी लिहून देतो, कारण त्या दिवशी ऐकलेले फारसे लक्षात राहत नाही. मूल नेहमीपेक्षा जास्त झोपत असेल, खेळ अर्धवट सोडून कडेवर येत असेल, श्वास जलद चालत असेल, अंगावर डाग उमटत असतील, लघवी गडद होत असेल किंवा डोळे पिवळे दिसत असतील तर ठरलेल्या दिवसाची वाट पाहू नये. टीईसीच्या काही मोजक्या मुलांमध्ये हातापायातील तात्पुरती अशक्तता किंवा झटके यांचीही नोंद झालेली आहे. तसे काही दिसल्यास थेट रुग्णालय गाठावे. बाकी मुलाला झोपवून ठेवण्याची गरज नसते. ते आपल्या ताकदीप्रमाणे खेळते आणि दमले की स्वतःच थांबते.

तिसऱ्या दिवशी त्या मुलाचे हिमोग्लोबिन ४.९ आणि रेटिक ०.४ होते. मी त्याला निरीक्षणाखाली ठेवले, रक्तपेढीला गट कळवून ठेवला आणि दर काही तासांनी ठोके मोजायला सांगितले. ठोके स्थिर राहिले, मूल दूध पीत राहिले आणि दोन दिवसांनी ते घरी गेले. आठव्या दिवशी हिमोग्लोबिन ४.९ वरच होते. तो आकडा ऐकून आईच्या डोळ्यांत पाणी आले. मी अहवाल तिच्यासमोर ठेवला आणि त्याखालच्या ओळीवर बोट ठेवले: रेटिक २.६. हिमॅटोक्रिटनुसार दुरुस्त केले तर हा आकडा अजूनही लहानच होता, पण पाच दिवसांत तो सहापटीहून अधिक वाढला होता, आणि नव्या पेशी रक्तात येऊ लागल्याची ती खूण होती. हिमोग्लोबिन वर येण्याआधी रेटिक वर येते, हे मी तिला पहिल्याच दिवशी सांगितले होते, पण ते प्रत्यक्ष अहवालात पाहिल्यावरच तिला पटले.

पंधराव्या दिवशी हिमोग्लोबिन ६.४ आणि रेटिक ९ टक्के होते. या टप्प्यावर कुणी हे मूल प्रथमच पाहिले असते तर कमी हिमोग्लोबिन आणि भरपूर रेटिक यांवरून पेशी फुटत असल्याची शंका घेतली असती. पेशी फुटल्या की रक्तात वाढणारे बिलिरुबिन योग्य होते, एवढाच त्या शंकेवरचा उतारा. सहा आठवड्यांनी हिमोग्लोबिन १०.८ झाले आणि न्यूट्रोफिलही आपोआप भरून आले. एकदा पेशी भरून निघाल्या की हा आजार पुन्हा होणे फार क्वचित घडते. तरीही चार महिन्यांनी मी एकदा शेवटची तपासणी केली, कारण बरे होण्याच्या काळातील मोठ्या पेशी निघून गेल्यावर उरलेल्या पेशींचा आकार खरा कळतो आणि जन्मजात आजाराची शेवटची शंकाही त्याच वेळी फेडता येते. हिमोग्लोबिन १२ होते, एमसीव्ही ७९. पुढची तारीख दिली नाही. आईने फाईल पिशवीत ठेवली आणि मुलाने स्टेथोस्कोपची नळी सोडावी म्हणून आम्हा दोघांनाही बराच वेळ त्याची मनधरणी करावी लागली.